पोटदुखीचे प्रश्न आणि लीड्सचा संगणक

मोबाईलमधल्या ‘एआय’ची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आता गटाच्या बैठकीतही होते. “आता दवाखान्यात मशीनच आजार सांगणार का गं?” असं बायका विचारतात. तर हा प्रयत्न कालपरवाचा नाही. त्याला पन्नास वर्षं होऊन गेली.

इंग्लंडमध्ये लीड्स नावाचं शहर आहे. तिथे टिम डी डोंबाल नावाचे सर्जन होते. रात्री-अपरात्री पोट धरून पेशंट यायचे. दुखणं अपेंडिक्सचं, पित्ताशयाचं, की आतडं अडकल्याचं, हे लवकर ओळखावं लागे. उशीर झाला तर अपेंडिक्स फुटायचं, घाई झाली तर विनाकारण ऑपरेशन व्हायचं.

डी डोंबाल आणि सहकाऱ्यांनी आधीच्या शेकडो पेशंटच्या नोंदी संगणकात भरल्या. कुठे दुखलं, कधीपासून, उलटी झाली का, शेवटी आजार कोणता निघाला. नव्या पेशंटची लक्षणं या नोंदींशी ताडून संगणक सांगायचा, कोणत्या आजाराची शक्यता किती. १९७२ साली त्यांनी ३०४ पेशंटचा निकाल प्रसिद्ध केला. संगणकाचं निदान शंभरात सुमारे ९२ वेळा बरोबर आलं, ज्येष्ठ डॉक्टरांचं सुमारे ८० वेळा.

पण खरी गंमत पुढेच आहे. प्रयोग चालू होता तोवर डॉक्टरांचं स्वतःचं निदानही सुधारलं, आणि तो संपल्यावर पुन्हा घसरलं. संगणकासाठी ठरलेला फॉर्म भरायचा, म्हणून प्रत्येक पेशंटला सगळे प्रश्न नीट विचारले जात होते. पुढे ब्रिटनमधल्या ८ हॉस्पिटलांत १६ हजारांहून जास्त पेशंटवर अशीच पद्धत वापरली. १९८६च्या अहवालानुसार विनाकारण होणारी ऑपरेशनं जवळजवळ निम्म्याने घटली.

लीड्सच्या नोंदींवर चालणारी पद्धत डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला नेली, तेव्हा मात्र ती तितकी अचूक ठरली नाही. गाव बदललं की माणसं आणि दुखणी बदलतात. म्हणून मशीन कोणाच्या नोंदींवर शिकलं, हे बघावं लागतं.

आज मेंदूचा सीटी स्कॅन वाचून रक्तस्राव दाखवणारी मशीन आहेत. मुंबईच्या एका कंपनीनेही तशी प्रणाली बनवली आहे. पण स्कॅन दिसला तरी आपण न सांगितलेली गोष्ट मशीनला कळत नाही.

बायकांच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. पाळी चुकलेली असते, पोटात कळा येतात आणि कॅज्युअल्टीत सासू किंवा नवराच उत्तरं देतो. पाळीचं लाजेपोटी राहून जातं. गर्भ नळीत राहिला असेल आणि नळी फुटली, तर पोटात रक्तस्राव होऊन बाई दगावू शकते.

म्हणून मैत्रिणींनो, दुखणं कधी सुरू झालं, आधी कुठे होतं, आता कुठे आहे, शेवटची पाळी कधी आली, कोणती गोळी घेतली, हे आपल्या तोंडाने सांगा. सोबत गेलात तर तिला बोलू द्या. समोर डॉक्टर असो की मशीन, सुरुवात तिच्या उत्तरापासूनच होते.