एच-४ व्हिसा

एच-४ व्हिसा हा अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या व्यक्तीच्या पती वा पत्नीस, तसेच २१ वर्षांखालील अविवाहित अपत्यांस दिला जाणारा अवलंबितांचा व्हिसा आहे. या व्हिसावर शिक्षण घेता येते. मात्र स्वतंत्र परवान्याविना नोकरी करता येत नाही. त्यामुळे उच्चशिक्षित जोडीदारासही अर्थार्जनापासून दूर राहावे लागते.

२६ मे २०१५ पासून काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. त्यासाठी एच-१बी धारकाच्या ग्रीन कार्डकरिता केलेला आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा लागतो, किंवा ग्रीन कार्डच्या प्रलंबित प्रक्रियेमुळे त्याचे वास्तव्य सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे वाढवलेले असावे लागते. परवानाधारकास कोणत्याही क्षेत्रात नोकरी वा व्यवसाय करता येतो. अपत्यांना ही सवलत नाही. एच-१बी धारकाचा दर्जा संपुष्टात आल्यास जोडीदाराचा एच-४ दर्जा व त्यावर आधारलेला कामाचा हक्कही टिकत नाही.