ओट्यापुढचे पाय

दिवाळीच्या आदल्या चार दिवसांत घरातल्या कर्त्या बाईचे पाय कुणी पाहिले आहेत काय? चकलीचा शेवटचा घाणा उतरतो न उतरतो तोच शंकरपाळ्यांचे पीठ पुढे येते, ते झाले की अनारसे, आणि अनारशांशी खेळ करता येत नाही. रात्री टाचा ठणकू लागतात, पोटऱ्या भरून येतात, आणि ती बिचारी गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसते. आपण मात्र फराळाच्या ताटावरून तिला विचारतो, चकली यंदा थोडी तिखट झाली का?

या ठणक्याला इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका जुना नाही.

आमचा बुलढाणा जिल्हा इतिहासाला पारखा नाही. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा आहे. 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊंचा जन्म तिथे झाला. वाड्याच्या भव्य दरवाज्यापुढे उभा राहून पाहुणा मान वर करतो, तटबंदीची जाडी विचारतो, तळघरे पाहतो. या वाड्यात एवढ्या माणसांचा स्वयंपाक कुठे होत होता, आणि तो करणाऱ्या बायका बसत होत्या की उभ्या राहत होत्या, हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे.

उत्तर अवघड नाही. त्या बसत होत्या. जुन्या स्वयंपाकघरातले एकेक साधन आठवून पाहावे. चूल जमिनीलगत. जाते जमिनीवर, दोघी समोरासमोर बसून दळणार. पाटा-वरवंटा जमिनीवर. भाकरीची काठवट पुढ्यात, आणि ज्वारीचे पीठ थापताना खांद्यांचा भार आपसूक तळहातावर उतरणार. विळी तर बसल्यावाचून चालतच नाही. तिचा पाट पायाखाली दाबून धरावा लागतो. म्हणजे त्या स्वयंपाकघरात पाय हा नुसता अंगाचा भार वाहणारा खांब नव्हता, तो हाताचा जोडीदार होता. बसण्याचे दुःख वेगळे, ते मी नाकारीत नाही. गुडघे धरत, कंबर वाकत असे, धुराने डोळे लाल होत ते वेगळेच. पण टाच दुखते अशी चुलीपुढच्या बाईची तक्रार नव्हती.

शिवाय पायाखाली जी जमीन होती ती मातीची. गावाच्या वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची ती काळी, हे वऱ्हाडात पोरासोरांनाही ठाऊक असते. खाली मुरूम, वर पांढरी माती, ती पाणी मारून धुम्मसाने चोपलेली आणि वर शेणाचे सारवण. ही जमीन पायाला किंचित दबते. आमच्याकडे जिल्ह्याचे दोन भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. जुन्या फारसी दप्तरांत त्यांना बालाघाट आणि पाईनघाट म्हणत. ‘पाईन’ म्हणजे खालचा, त्यात आपला पाय शोधू नये! घाटाखाली मलकापूर-शेगावकडे वैशाखात अंगण तापून तवा होई, तरी सारवलेली जमीन गार राही. आणि घाटावर बुलढाण्या-मेहकरच्या थंडीत तीच जमीन फरशीसारखी झोंबत नसे. अशा जमिनीवर वहाण कशाला हवी?

वहाण असे ती उंबरठ्याबाहेर. शेतात बाभळीचे काटे, म्हणून बायाही पायांत काहीतरी अडकवीत. पण घरात शिरताना ती दाराशीच उतरे. चामडे चुलीजवळ नेणे म्हणजे विटाळ. आणि इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या नियमाने जोडा उंबरठ्याबाहेर ठेवला, त्याच नियमाने तो जोडा शिवणाऱ्या माणसालाही बाहेर ठेवले. बलुत्याचे धान्य त्याला मिळे, पण ओसरीच्या पलीकडे त्याचे पाऊल पडत नसे. स्वच्छतेचा हेतू होता असे म्हणणारे म्हणोत. धुळीचे पाय धुऊन आत घेता येतात, त्याला मात्र पाय धुऊनही आत घेत नव्हते.

लाकडाला विटाळ नव्हता. म्हणून खडावा आत चालत. पण त्या बहुतेक पुरुषांच्या, देवघरातून जेवणाच्या पाटापर्यंत खटखट वाजवीत जाण्यापुरत्या. अंगठ्यात खुंटी धरून तासभर उभे राहून पाहावे म्हणजे त्यांचा अर्थ कळेल. जपानात घराचा मातीच्या जमिनीचा जो भाग असे, त्यातच चूल असे, आणि तिथे वावरताना लाकडी ‘गेता’ घालीत. स्वीडनमध्ये लाकडी तळाचे जोडे आचारी आणि परिचारिका अजूनही घालतात. दिवसभर उभे राहणाऱ्याच्या पायाला काहीतरी आधार हवा, हे त्या लोकांना आपल्याआधी कळले, कारण त्यांना उभे राहावे लागले आपल्याआधी.

आपल्याकडे बाई उभी केव्हा राहिली? एका दिवसात नव्हे. 1892 मध्ये स्वीडनमध्ये प्रायमस स्टोव्ह निघाला, तो यथावकाश आपल्याकडेही आला. पण तो पुष्कळ घरांत जमिनीवरच फुरफुरत राहिला. 1926 मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या बाईने एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. ओळीने ओटे, हाताशी कप्पे, एक पाऊलही फुकट जाऊ नये असा हिशेब. तिने त्यात आणखी एक वस्तू ठेवली होती, फिरते स्टूल. भाजी चिरताना बाईने बसावे म्हणून. पुढे आपल्या घरांत ओटा आला, कप्पे आले; स्टूल तेवढे वाटेत कुठेतरी राहिले.

ओट्याला खरा जोर दिला गॅसने. मुंबईत बर्मा-शेलचा ‘बर्शेन’ गॅस 1955 च्या सुमारास आला, मग गावोगावच्या शहरी घरांत इतर सिलिंडर पोचले. गॅसबरोबर सुरक्षिततेची सूचना येते, की शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवावी. म्हणजे ओटा ही आता हौस राहिली नाही. ओट्याची उंची गवंड्याच्या अंदाजाने ठरली, आणि त्याच सुमारास सारवणाची जागा शहाबादी फरशीने घेतली. बाई उभी राहिली आणि तिच्या पायाखालची जमीन दगडाची झाली, दोन्ही एकाच पिढीत. नियम तेवढा जुना राहिला. स्वयंपाकघरात पायांत काही घालायचे नाही.

धूर गेला, डोळे वाचले, हा लाभ थोडा नाही. परंतु लाभाचा जमाखर्च मांडताना टाचेच्या खात्यावर कुणी काही लिहिले नाही.

आमच्या मेहकरच्या घरी हा प्रश्न एका रबरी चपलेने काढला. भारतात बाटा कंपनी 1931 मध्ये सुरू झाली, आणि पुढे हवाई चप्पल घरोघर पोचली. नाव हवाईचे, घडण मूळ जपानी ‘झोरी’ची. आईने एक जोड आणला आणि तो घालून सरळ ओट्यापुढे उभी राहिली. आजीने पाहिले मात्र!

“चप्पल? अन् चुलीपाशी?”

“रबराची आहे, आत्याबाई. चामडं नाही त्यात.”

आजी विचारात पडली. शास्त्रात रबर नव्हते. बराच वेळ ती तांदूळ निवडीत राहिली, आणि मग म्हणाली, “तेच पायतण घालून न्हाणीत जाऊ नको, म्हंजे झालं.” पुढच्या हिवाळ्यात आजीने स्वतःसाठी एक जोड मागवला. पट्टा तुटला की त्याला सेफ्टी पिन लावून ती तो वर्षभर चालवी.

ही हवाई चप्पल मात्र उभ्या कामाला पुरती नाही, हेही सांगितले पाहिजे. महिन्या-दोन महिन्यांत तिची टाच दबून पापुद्र्यासारखी होते, आणि खाली फरशी पुन्हा जाणवू लागते. एका जागी उभे राहिले म्हणजे पोटरीचे स्नायू हलत नाहीत, रक्त वर ढकलले जात नाही, ते पायांत साचते. नसा फुगतात त्या यामुळे. तळवा उघडाच राहिला, तर टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा पट्टा ताणून सुजतो, आणि सकाळचे पहिले पाऊल टाकताना जीव जातो. म्हणून तळ जरा जाड, टाच बोटांहून किंचित उंच, मधली कमान भरलेली, आणि मागून बंद नसला तरी पट्ट्याने घट्ट धरलेला असा जोड हवा. ओल्या फरशीवर न घसरणारा तर हवाच, कारण उकळत्या तेलाची कढई समोर असते. तो घरातच वापरायचा, बाहेरचा नव्हे. आजीचा नियम इथे तंतोतंत लागू पडतो.

2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि घाटाखालच्या, घाटावरच्या खेड्यांतही सिलिंडर गेले. तिथल्या बायका आता उभ्या राहत आहेत. काही घरांत ओट्यापुढे गोणपाटाची चौघडी घडी घातलेली मी पाहिली. कुणी शिकवले नव्हते. टाचेने शिकवले असणार.

आमच्या घरी आईने आणखी एक तोड काढली आहे. जेवणाचे टेबल आल्यापासून जुना शिसवी पाट कोपऱ्यात उभा होता. आता तो ओट्याखाली आडवा असतो. चकल्या तळताना ती एक पाय त्यावर ठेवते, थोड्या वेळाने दुसरा. परवा मी विचारले, पाट पायाखाली? तर झारा कढईवर झटकीत म्हणाली, “विळीचा नव्हता का असायचा?”