वाळूढीग प्रतिमान
वाळूढीग प्रतिमान हे द्विमितीय जालकावर आकृत्या कशा वाढतात, याच्या अभ्यासासाठी वापरले जाणारे गणिती प्रतिमान आहे. पेर बाक, चाओ तांग व कर्ट विसेनफेल्ड यांनी ते १९८७ साली स्वयंसंघटित क्रांतिकतेचे उदाहरण म्हणून मांडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ दीपक धर यांनी १९९० साली त्याची गणिती बैठक स्पष्ट केली.

नियम
जालकाच्या प्रत्येक घरात काही कण असतात. एखाद्या घरात ४ किंवा अधिक कण झाले की ते घर ढासळते व शेजारच्या चारही घरांना प्रत्येकी १ कण देते. उदाहरणार्थ, रिकाम्या जालकाच्या मध्यघरात १६ कण ठेवल्यास शेवटी मध्यघर रिकामे राहते. लगतच्या चार घरांत १-१, चार कर्णघरांत २-२ आणि सरळ रेषेतील पुढच्या चार घरांत १-१ कण उरतो. घरे कोणत्याही क्रमाने ढासळली तरी अंतिम आकृती तीच येते. हा क्रमनिरपेक्ष गुणधर्म धर यांनी सिद्ध केला. गणितज्ञ नील्स हेन्रिक आबेल यांच्या नावावरून त्याला 'आबेली' म्हणतात.

समप्रमाण वृद्धी
कणांची संख्या वाढवत नेल्यास ठिपक्यांच्या रांगोळीसारखी सममित, गुंतागुंतीची आकृती तयार होते. कण चौपट केल्यास तिची रुंदी सुमारे दुप्पट होते. ईडन प्रतिमानात (१९६१) वाढ केवळ कडेला होते व आतील भाग गोठलेला राहतो. येथे मात्र आतील नक्षीही त्याच प्रमाणात मोठी होते. धर, त्रिदिब साधू व समर्थ चंद्रा यांनी २००९ साली अशा काही आकृत्यांचे अचूक गणिती वर्णन दिले. लहान प्राण्याचे अवयव परस्परांचे प्रमाण राखून कसे वाढतात, या जीवशास्त्रीय प्रश्नाशी ही वृद्धी निगडित आहे. नियंत्रण करणारे केंद्र नसतानाही, केवळ शेजाऱ्यांपुरत्या नियमांतून असा मेळ साधता येतो, हे त्यातून दिसते.

मर्यादा
नाव वाळूचे असले तरी हे प्रत्यक्ष वाळूचे वर्णन नव्हे. अलिबागच्या किनाऱ्यावरील ओल्या वाळूचे कण पाण्यामुळे एकमेकांना धरून राहतात. खऱ्या ढिगात उताराचा कोन आणि घर्षणही महत्त्वाचे असते.

सन्मान
दीपक धर यांना २०२२ सालचे बोल्ट्समान पदक जॉन हॉपफील्ड यांच्यासह मिळाले. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय होत.