शब्दवेध : गांजा

पालीच्या किनाऱ्यावर जाळं सांधणाऱ्या काकांसमोर मी ‘निर्गुन्हेगारीकरण’ हा शब्द उच्चारला. त्यांची सुई थांबली. “म्हणजे मोकळं रान?” छे! मोकळं रान कॅनडात : २०१८ पासून दुकानात रीतसर विक्री. जमैकाने केलं ते निर्गुन्हेगारीकरण : २०१५ साली सुमारे ५६ ग्रॅमपर्यंत गुन्हा काढला, दंड ठेवला. गंमत म्हणजे तिथल्या कायद्यातही शब्द ‘गांजा’च, संस्कृत ‘गञ्जा’ गिरमिटिया मजुरांच्या बोचक्यातून तिकडे उतरला. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. किलोभरापर्यंत सापडला तरी वर्षाची कैद होऊ शकते. शेंड्यांवाचून नुसती पानं मात्र त्यात नाहीत, म्हणून भांग त्यातून निसटते आणि महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याच्या जाळ्यात सापडते.

“आणि केसांत पाडतो तो भांग?” काकांनी गाठ मारत विचारलं.

तो ‘भंग’. केसांतली फूट.