लष्करी जीप : रंगाच्या थरांखालील सेवा-इतिहास

लष्कराच्या सेवेतून बाद झालेली जीप लिलावातून नागरी मालकाच्या हाती येते, तेव्हा तिच्यासोबत बहुधा विक्रीचा कागद येतो. ती कोणत्या तुकडीत होती, कोठे धावली, याची नोंद येत नाही. तो इतिहास शोधायचा, तर प्रथम तिच्याच अंगावर शोधावा लागतो. गॅरेजमध्ये नेताच रंग खरवडला आणि गंजलेला पत्रा कापून नवा बसवला, तर हा पुरावा कायमचा नाहीसा होतो.

पहिला प्रश्न ओळखीचा. आपल्याकडे ‘महायुद्धातली जीप’ म्हणून दाखवली जाणारी प्रत्येक जीप महायुद्धातील नसते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलिस जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे येथे बनलेली सीजे-३बी ही जीप लष्करानेही वापरली. तिचे बोनेट उंच असते, कारण आतील इंजिनच उंच आहे. पुढच्या जाळीत सात उभ्या फटी असतात. महायुद्धकालीन जीपचे बोनेट सपाट व बुटके, पत्र्याच्या जाळीत फटी नऊ, दिवे जाळीच्या आत बसवलेले आणि समोरची काच दोन भागांची. स्टिअरिंगही मूळचे डावीकडे. ते उजवीकडे घेतलेले दिसल्यास तो नंतरचा फेरफार समजावा.

महायुद्धाच्या काळात या जीप प्रामुख्याने दोन कंपन्यांनी बनवल्या. विलिसच्या एमबी आणि फोर्डच्या जीपीडब्ल्यू या दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक तयार झाल्या. सुटे भाग परस्परांना चालत. त्यामुळे पुष्कळशा जीप आज दोन्ही कंपन्यांच्या भागांची सरमिसळ असतात. चासी मात्र सहसा फसवत नाही. रेडिएटरखालील आडवा दांडा गोल नळीचा असेल तर ती विलिस, चौकोनी घडणीचा असेल तर फोर्ड. विलिसचा चासी क्रमांक पुढच्या बंपरमागे, डाव्या बाजूच्या आतील अंगाला पट्टीवर असतो. फोर्डचा डाव्या चासीपट्टीवर, इंजिनाच्या आधाराजवळ ठोकलेला असतो. फोर्डच्या भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरही, ‘एफ’ हे अक्षर आढळते. इंजिन क्रमांक चासीशी जुळला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. लष्करी कार्यशाळांत इंजिने सर्रास बदलली जात, आणि तो बदलही सेवा-इतिहासाचाच भाग आहे.

यानंतर रंगाचे काम. ओला पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, तर थर एकेक करून उघडे पडतात आणि मधूनच जुना क्रमांक किंवा तुकडीचे चिन्ह दिसू लागते. हे काम कंटाळवाणे आहे, कारागिराच्या मजुरीतही बसत नाही. तरीही मालकाने ते स्वतः करावे आणि प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावे. भारतीय लष्कराच्या वाहनक्रमांकात वर रोखलेल्या बाणानंतरचे दोन आकडे वाहन दाखल झाल्याचे वर्ष सांगतात. त्यापुढे वाहनाचा वर्ग दर्शवणारे अक्षर, अनुक्रमांक आणि शेवटी आणखी एक अक्षर येते. ‘ही जीप गोवा मुक्तीच्या वेळी आली’ अशी एखादी कथा विक्रेत्याने ऐकवली आणि बाणानंतर ७१ हा आकडा निघाला, तर १९६१च्या डिसेंबरची ती कथा तेथेच संपते.

जोंगाची अडचण निराळी. निसान पेट्रोलच्या परवान्यावर जबलपूरला बनलेल्या या वाहनाचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन जवळजवळ चार लिटर क्षमतेचे. लिलावात घेतलेल्या पुष्कळ जोंगांमध्ये इंधनाचा खर्च टाळण्यासाठी डिझेल इंजिन बसवले गेले. व्यवहार म्हणून ते समजण्यासारखे आहे. परंतु त्याचे परिणाम आता कायद्याच्या दारात दिसतात.

२०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले, मूळ रूपात राखलेले, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेले वाहन त्यासाठी पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशा वाहनाचा रोजच्या प्रवासासाठी किंवा व्यवसायासाठी वापर करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतेच ते रस्त्यावर आणता येते. साहजिकच वर्ष आणि मूळ भाग यांचा पुरावा येथे केवळ हौसेचा विषय उरत नाही. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत पत्रा आधी जातो, म्हणून तो बदलण्यापूर्वीच्या छायाचित्रांचे मोल अधिक.

आणखी एक अट हौशी मंडळींच्या ध्यानात सहसा उशिरा येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमानुसार संरक्षण खात्याव्यतिरिक्त कोणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. थरांखाली मूळ हिरवा रंग सापडला, तरी त्याची नोंद आणि छायाचित्र ठेवून रस्त्यावर उतरणाऱ्या जीपला दुसराच रंग द्यावा लागतो, आणि बाणाच्या क्रमांकाऐवजी पाटीवर परिवहन कार्यालयाने दिलेला नागरी क्रमांक लावावा लागतो.