अवकाशातच घडणारी अवजारे

एप्रिल १९७० मध्ये चंद्राच्या वाटेवर ‘अपोलो १३’ला अपघात झाला आणि तिन्ही अंतराळवीरांना चांद्रयानाचा आश्रय घ्यावा लागला. तेथील हवेत कार्बन डायऑक्साइड साचू लागला. तो शोषून घेणारे जादा डबे मुख्य यानात होते. पण ते चौकोनी, तर चांद्रयानातील खाचा गोल. अखेर प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी यांची जोडणी करून प्राण वाचले. असा आवश्यक भाग यानातच तयार करण्याचा मार्ग म्हणजे थ्रीडी प्रिंटर.

या यंत्रात प्लॅस्टिकचा धागा वितळवून थरावर थर चढविले जातात आणि संगणकातील आराखड्याप्रमाणे वस्तू आकार घेते. ‘मेड इन स्पेस’ या कंपनीने ‘नासा’साठी तयार केलेला असा प्रिंटर सप्टेंबर २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे रवाना झाला. नोव्हेंबरमध्ये त्याने पहिली वस्तू घडविली, ती त्याच्याच एका भागाची तबकडी! डिसेंबरमध्ये पृथ्वीवरून रॅचेट पान्याचा आराखडा पाठविण्यात आला आणि सुमारे चार तासांत १०४ थरांचा पाना तयार झाला.

मात्र तो पाना कामासाठी वापरला गेला नाही. तपासणीसाठी या वस्तू २०१५ मध्ये पृथ्वीवर आणण्यात आल्या. वजनरहित अवस्थेचा छपाईवर लक्षणीय परिणाम होत नसल्याचे त्यातून दिसून आले.

पुढचा टप्पा धातूचा. पृथ्वीवर त्यासाठी अनेकदा धातूची भुकटी वापरतात. स्थानकात ती तरंगत राहील. म्हणून ‘एअरबस’ने युरोपीय अंतराळ संस्थेसाठी बनविलेल्या प्रिंटरमध्ये स्टेनलेस स्टीलची तार लेसरने वितळविली जाते. उष्णता व धूर बाहेर पडू नये म्हणून तो बंदिस्त ठेवला आहे. जानेवारी २०२४ मध्ये तो स्थानकाकडे धाडण्यात आला आणि त्याच वर्षी त्यावर पहिला धातूचा भाग तयार झाला.

स्थानकावर मालवाहू यान काही तासांत किंवा दिवसांत पोहोचते. मंगळाच्या प्रवासाला सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो आणि सोयीची संधी सुमारे २६ महिन्यांनी येते. प्रत्येक संभाव्य बिघाडासाठी सुटे भाग नेणे तेथे अशक्यच. म्हणूनच पाना छापता येतो, एवढे सिद्ध होणे पुरेसे नाही; जिवावर बेतल्यावर त्या पान्यावर भरवसा ठेवता येईल काय, हीच खरी कसोटी आहे.