वऱ्हाडचा कापूस आणि मूलकणांची शिष्यवृत्ती

दर्यापूरहून कणभौतिकीचा इतिहास सांगायला बसले, तर ऐकणारा आधी हसेल. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागले तरी ते खारट, म्हणून ओलिताचा भरवसा नाही. शेती पावसावरची: कापूस, तूर, मूग, हरभरा. तरुण पदार्थवैज्ञानिकांना परदेशी प्रयोगशाळांत पाठवणाऱ्या शिष्यवृत्त्यांचा या मुलखाशी संबंध काय, असे कोणी विचारले तर उत्तर एका शब्दात देता येते: पैसा. भारतात मूलकणांचे संशोधन ज्या पैशावर उभे राहिले, त्याचा एक जुना झरा विदर्भाच्या कापसात आहे. तो पैसा शिष्यवृत्ती होऊन जगभर फिरला, पण जिथून निघाला त्या भागात ती शिष्यवृत्ती घेण्याजोगी पोरे घडवण्याची सोय फार उशिरा झाली. परदेशी प्रशिक्षणाच्या अनुदानांचा इतिहास आपल्याकडे हुशार माणसांच्या चरित्रांतून सांगितला जातो. माझ्या मते तो पायऱ्यांचा इतिहास आहे. शेवटची पायरी परकी असली तरी खालच्या सगळ्या घरच्या पैशाने बांधाव्या लागतात.

जमशेटजी टाटांनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबईत गिरण्यांची गर्दी असताना त्यांनी नागपूर निवडले, कारण कापसाचा मुलूख जवळ होता, वरोऱ्याचा कोळसा हाताशी होता आणि मुंबईची रेल्वे १८६७ सालीच नागपूरला पोचली होती. पोलादाच्या कितीतरी आधी टाटांचे भांडवल या गिरणीत वाढले. पुढे १८९२ साली त्यांनी परदेशी शिक्षणासाठी जे. एन. टाटा एन्डाउमेंट स्थापन केले. त्याची रीत आजही लक्षात घेण्यासारखी आहे. ते दान नव्हते, कर्ज होते. शिकून कमावायला लागलेल्याने पैसे परत करायचे आणि त्या पैशावर पुढच्याने जायचे. याच निधीवर राजा रामण्णा लंडनला गेले आणि जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले.

यावर कोणी म्हणेल की ही ओढाताण झाली. टाटांची संपत्ती पोलादातून आली, विजेतून आली, आणि दर्यापूरची रुई एम्प्रेस मिलमध्येच गेली याला पुरावा काय? आक्षेप बरोबर आहे, आणि तेवढा दावा मी करतही नाही. मूर्तिजापूर–अचलपूर या छोट्या रेल्वेवर, लोकांच्या तोंडी जी 'शकुंतला' झाली तिच्यावर, बनोसा-दर्यापूरचे स्टेशन होते. ती बांधण्यामागे वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मुख्य मार्गाला आणून सोडण्याचा हेतू होता. तिथून तो कुठे जाई ते बाजारभाव ठरवी. माझा मुद्दा हिशेबाच्या वहीचा नाही. विदर्भाच्या कापसाभोवती भांडवल जमले, त्या भांडवलातून ज्ञानासाठी पैसा निघाला, आणि तो खर्च कुठे करायचा हे मुंबईत ठरले, एवढे म्हणायला पुरावा पुरेसा आहे.

आता वरच्या पायऱ्या पाहू. होमी भाभांचे उदाहरण नेहमी प्रतिभेचे म्हणून दिले जाते. प्रतिभा होतीच. पण क्रम बघा. केंब्रिजमधली पहिली वर्षे वडिलांच्या पैशावर झाली, आणि तीही अटीवर: यंत्रशास्त्रात पहिला वर्ग मिळाला तरच गणिताचा खर्च. १९३० साली तो मिळाला. त्यानंतर मात्र एकेक दार उघडत गेले. १९३२ साली राउज बॉल प्रवासवृत्ती, तिच्यावर झुरिकला पाउलींकडे आणि रोमला फर्मींकडे. १९३४ साली आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती. पुढे १८५१ च्या प्रदर्शनाच्या निधीतली वृत्ती. हा शेवटचा निधी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनाच्या नफ्यातून उरलेला. त्याच्या शिष्यवृत्त्या १८९१ साली सुरू झाल्या, आणि न्यूझीलंडचा रदरफर्ड १८९५ साली त्यातल्याच एका शिष्यवृत्तीवर केंब्रिजला आला होता. एक शिष्यवृत्ती मिळाली की दुसरी मिळणे सोपे होते. अवघड असते ते पहिलीपर्यंत पोचणे, आणि तिथवरचा रस्ता भाभांच्या घराने बांधून दिला होता. त्यांची आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी, हेही इथे विसरून चालणार नाही.

१९३९ साली सुटीवर आलेले भाभा युद्धामुळे इथेच अडकले, आणि १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला ते प्रसिद्ध पत्र लिहिले. त्याचे सार असे की अणुऊर्जेचा दिवस उगवेल तेव्हा तज्ज्ञांसाठी देशाला बाहेर पाहावे लागू नये. जून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. पहिल्या वर्षासाठी ट्रस्टचे ४५ हजार, मुंबई सरकारचे २५ हजार आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे १० हजार, असा ८० हजार रुपयांचा जमाखर्च. एका देशाच्या कणभौतिकीचा पाया एवढ्या रकमेत घातला गेला, यावर आजच्या अंदाजपत्रकांच्या काळात विश्वास बसणे कठीण जाते.

ही संस्था नसती तर परदेशी प्रशिक्षणाचे काय झाले असते, हे इमल्शनच्या पाट्यांवरून कळते. ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्या गटाने १९४७ साली पायॉन शोधला तो जाड लेप दिलेल्या छायाचित्रणाच्या पाट्यांवर. विश्वकिरणांतला कण लेपातून गेला की वाटेवर चांदीच्या बारीक कणांची रांग उमटते. पाटी धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, रांग मायक्रॉनमायक्रॉनने मोजायची, कण किती दाट आहेत आणि रेघ कुठे किती वाकली यावरून वस्तुमानाचा अंदाज बांधायचा. लेप धुताना आकसतो, थंडी-उष्म्याने सुरकुततो; ते किती चालवून घ्यायचे हे हाताला आणि डोळ्याला शिकवावे लागते, शोधनिबंध वाचून ते येत नाही. एम. जी. के. मेनन हे ब्रिस्टलला शिकले आणि १९५५ साली मुंबईला परतले. त्याआधी बर्नार्ड पीटर्स अमेरिकेतून इथे आले होते. फुग्यांनी पाट्या वर पाठवणारा, त्या धुणारा, तपासणारा असा गट इथे होता म्हणून परत येण्याला अर्थ होता. दहा वर्षांनी, १९६५ साली, कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या. त्या कामात ओसाका आणि डरहॅमचे लोक सोबत होते, म्हणजे तोवर प्रशिक्षणाचा ओघ एकतर्फी राहिला नव्हता.

मग गेलेले परत आलेच नाहीत त्यांचे काय? हा आक्षेप पहिल्यापेक्षा जड आहे. पण त्याचे उत्तर शिष्यवृत्ती बंद करण्यात सापडत नाही. पाकिस्तानी पदार्थवैज्ञानिक अब्दुस सलाम यांनी लाहोरला एकटेपणात काही वर्षे काढली आणि १९५४ साली केंब्रिज गाठले. देश की भौतिकी, अशी निवड त्यांना करावी लागली. पुढच्यांवर ती पाळी येऊ नये म्हणून त्यांनी १९६४ साली इटलीतल्या त्रिएस्तला सैद्धांतिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र काढले. तिथल्या असोसिएट योजनेत आपल्या देशात नोकरी करणाऱ्या माणसाने काही वर्षांच्या अवधीत दोन-तीनदा येऊन काही महिने काम करायचे आणि परत जायचे. शिष्यवृत्तीच्या इतिहासातला हा मला सगळ्यांत शहाणा शोध वाटतो, कारण त्यात परतणे हीच अट आहे. आणि परतणाऱ्यांची उदाहरणे महाराष्ट्रात आहेतच. पुण्याच्या हुजूरपागेतून आणि स. प. महाविद्यालयातून पुढे गेलेल्या रोहिणी गोडबोले यांनी १९७९ साली स्टोनी ब्रूकहून पीएच.डी. घेतली, टाटा संस्थेत आल्या, मग १९८२ पासून १९९५ पर्यंत मुंबई विद्यापीठात शिकवले आणि पुढे बंगळूरला गेल्या. भा. मा. उदगावकर कणभौतिकीचे अभ्यासक, १९६२ साली मरे गेल-मान यांच्यासोबत शोधनिबंध लिहिणारे. तेही इथेच राहिले आणि शाळांतले विज्ञान सुधारण्याच्या खटपटीत पडले. काही भौतिकीवाल्यांना ही खटपट म्हणजे वेळ वाया घालवणे वाटत असे. मला ती त्यांच्या संशोधनाइतकीच मोलाची वाटते.

पुणे आणि मुंबई मात्र दर्यापूर नव्हे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होते, १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांवर निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतले गेले, आणि या सगळ्या काळात वऱ्हाडात कॉलेज नव्हते. शिकायचे तर नागपूरचे हिस्लॉप किंवा मॉरिस, नाहीतर पुणे-मुंबई. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले ते १९२३ साली. म्हणजे एम्प्रेस मिलच्या भोंग्यानंतर तब्बल ४६ वर्षांनी. खेड्यातल्या कुणब्याच्या पोरासाठी तेही पुरेसे नव्हते, हे ओळखले ते पापळच्या पंजाबराव देशमुखांनी. एडिंबरा आणि ऑक्सफर्डहून परतल्यावर त्यांनी अमरावतीत वसतिगृह काढले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. दर्यापूरचे जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय त्याच संस्थेचे. पंजाबरावांचा विषय वेदवाङ्मय होता, मूलकणांशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरीही इथल्या भौतिकीच्या पहिल्या पायरीचे श्रेय मी त्यांनाच देईन.

आता नियमांपुरते दार उघडे आहे. १९९१ साली भारताने सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेशी सहकार्याचा करार केला. इंदूरच्या संस्थेने तिथल्या लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या चुंबकांच्या कामात हातभार लावला, टाटा संस्थेने सीएमएस शोधकाचा एक भाग उभारला, आणि जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. १९६२ पासून चालणारी उन्हाळी विद्यार्थी योजना, फेलोशिपा, ठराविक मुदतीच्या नोकऱ्या, यांसाठी भारतीय नागरिक अर्ज करू शकतो, मग तो कुलाब्याचा असो की बनोशाचा. अडते ते अर्जातल्या शिफारसपत्राशी. ज्याने स्वतः कधी शोधकाची विदा हाताळलेली नाही, त्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याबद्दल काय लिहावे? म्हणून तालुक्याच्या गावी विद्यार्थ्याआधी शिक्षकाला पाठवणे जास्त स्वस्त आणि जास्त टिकाऊ ठरेल, असे मला वाटते. सर्नचा माध्यमिक शिक्षकांसाठीचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम १९९८ पासून सुरू आहे, महाविद्यालयीन शिक्षकाला त्रिएस्तची असोसिएट योजना आहे. जिल्ह्यातल्या एखाद्या संस्थेने दरवर्षी एका शिक्षकाची रजा आणि बदली माणसाचा पगार सोसला, तर हा खर्च एखाद्या जिनिंगच्या हंगामी उलाढालीपुढे किरकोळ आहे.